दप्तराविना दहा दिवस माळरानावर : अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

भूगोलाच्या तासाला वाळवंट आलं की फळ्यावर उंट निघतो. वऱ्हाडातल्या पोरांनी उंट पाहिलेला असतो तो काठेवाड्यांच्या मेंढरांमागे, सामान लादलेला. बाकी वाळवंट पुस्तकातच राहतं. पण कमी पाण्यात झाड, गवत, जनावर कसं तग धरतं ते गावाबाहेरच्या ई-क्लास जमिनीवरही, म्हणजे सरकारी चराईच्या माळावरही, दिसतं. 250 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तो प्रदेश वाळवंटी. आपल्याकडे त्याच्या तिप्पट पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि मुरमाड माळ तो धरून ठेवत नाही. राजस्थानची खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पुजतो ती शमीच. थरमधला चिंकाराही बुलडाणा-अकोल्याकडे आहे.

हे शिकवायला स्वतंत्र योजना शोधत बसू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. त्यात मुलांनी स्थानिक जाणकाराच्या हाताखाली काम शिकायचं, म्हणजे सरळ इंटर्नशिप. एनसीईआरटीच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत विज्ञान-पर्यावरण हा विषयगटही आहे. आता माळावरचा जाणकार कोण? गावचा गायकी, म्हणजे गुराखी. कोणतं गवत कधी वाळतं, पाणी कुठे उरतं, हे त्याच्याइतकं आम्हा मास्तरांना ठाऊक नसतं. आखरावरून, म्हणजे गुरं जमवतात त्या जागेवरून, ती सुटतात तेव्हाच मुलांनी त्याच्याबरोबर निघावं. त्याची मजुरी किती आणि कुठून देणार, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातच लिहून घ्या. फुकट राबवू नका.

जागा कोणती निवडता त्यावर कागद ठरतात. ई-क्लास किंवा गायरान असेल तर ग्रामपंचायतीला पत्र द्या आणि सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) सहीची नाहरकत घ्या. कारंजा-सोहोळसारखं काळविटांचं अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं कलम 28 लागतं. प्रवेशाचा परवाना ज्या कारणांसाठी मिळतो, त्यांत वन्यजीवांचा अभ्यास हे एक आहे. म्हणून अर्जात ‘सहल’ न लिहिता ‘अभ्यास’ लिहा आणि रोज काय करणार ते मांडा. अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावे, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत द्या. तिथून काहीही उचलून आणायचं नाही, हे मुलांना आधीच बजावा. गळून पडलेलं चितळाचं शिंगसुद्धा घरी नेता येत नाही. (काळविटाची शिंगं गळत नाहीत. ‘मले सापडलं’ म्हणून कोणी आणलंच तर चौकशी करा.)

शाळेकडून केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो. त्यासोबत समितीचा ठराव, यू-डायस क्रमांकासह (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) शाळेचं पत्र, दहा दिवसांचं वेळापत्रक, सोबतच्या शिक्षक-शिक्षिकांची नावं, विद्यार्थ्यांची यादी आणि प्रत्येक पालकाचं संमतीपत्र जोडा. यादीत जनरल रजिस्टरचा क्रमांक आणि पालकाचा मोबाईल हवाच. आमचा पहिला प्रस्ताव पंधरा दिवस एका टेबलावर पडून होता. चौकशी केली तेव्हा कळलं, वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक टाकायचा राहिला होता. पोचपावती घेतल्याशिवाय परतू नका.

ज्या कागदावर सगळ्यात जास्त वेळ घालवायला हवा, तो मात्र कोणी मागत नाही: आरोग्याची नोंद. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. उन्हात चालणं आणि अंगातलं पाणी कमी होणं, या दोन्हींनी त्या मुलाला असह्य वेदना सुरू होऊ शकतात. तेव्हा सिकलसेल कार्डाची झेरॉक्स घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचा सल्ला लेखी घ्या आणि तो संमतीपत्राला जोडा. दम्याच्या मुलांचंही तसंच. अशा मुलांना गाळू नका. त्यांच्यासाठी सकाळचे दोन तास आणि सावलीतली बैठक ठेवा, पाण्याची बाटली सगळ्यांच्याच हातात.

लांब जायचं असेल तर एसटी. शालेय सहलींना महामंडळ प्रासंगिक कराराच्या, म्हणजे पूर्ण गाडी ठरवून घेण्याच्या, भाड्यात 50 टक्के सवलत देतं. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं पत्र आणि यादी आगारप्रमुखांकडे द्या. हिवाळ्यात सहलींची गर्दी असते, गाडी आधीच सांगून ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरू करा. तेव्हा कुसळी गवत पिकलेलं असतं आणि पोरांच्या मोज्यांत कुसळं भरतात. त्यांतलं एक काढून ओल्या तळहातावर ठेवायला सांगा. पीळ सुटायला लागतो, कुसळ गरगर फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. असं भिजत-वाळत ते आपलं बी जमिनीत रुतवतं. एक पोरगी घाबरून ओरडली होती, ‘सर, हे जित्तं हाय!’ वहीत तिने त्या दिवशी तेच लिहिलं, आणि तपासताना मी ते खोडलं नाही.