बल्क आणि ब्रेक-बल्क : प्रश्न किती मालाचा नाही, नगांचा आहे

जहाजी मालवाहतुकीत 'बल्क' म्हणजे घाऊक आणि 'ब्रेक-बल्क' म्हणजे त्याचाच फोडलेला, किरकोळ हिस्सा, असे सांगणारे लेखन इतक्या वेळा वाचनात येते की आता राहवत नाही. कंटेनर सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे त्याची ओळख करून देत बसत नाही. खरी गल्लत त्याच्या बाहेर राहणाऱ्या मालाबाबत होते.

पन्नास हजार टन गहू जहाजाच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवण्याच्या कोठारात, थेट ओतला तर तो बल्क, आणि तोच गहू गोण्यांत भरून थरांनी रचला तर ब्रेक-बल्क. दोनशे टनांचा एकच ट्रान्सफॉर्मर क्रेनने चढवला, तरी तो ब्रेक-बल्कच. स्टीलच्या कॉइलना (पत्र्याच्या गुंडाळ्यांना) बल्क म्हणणे तर मला मुळीच मान्य नाही. माल नगांनी मोजता येतो का, एवढेच पाहायचे : येत असेल तर ब्रेक-बल्क, नसेल तर बल्क.

मोजणीची रीतही यावरूनच ठरते. बल्क मालासाठी भरण्याआधी आणि भरल्यानंतर जहाज पाण्यात किती बुडाले ते पाहतात, आणि इंधन व बॅलास्ट पाणी (जहाज स्थिर राहावे म्हणून टाक्यांत भरलेले पाणी) यांतील फरक जमेस धरून मालाचे वजन काढतात. ब्रेक-बल्कमध्ये धक्क्यावर उभा असलेला माणूस नग मोजतो. नुकसानभरपाईत हा फरक थेट पैशांत उतरतो. समुद्री मालवाहतुकीच्या हेग-व्हिस्बी या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे प्रत्येक नगामागे ६६६.६७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) किंवा प्रत्येक किलोमागे २ एसडीआर, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिथवर मर्यादित असते. पन्नास किलोच्या गोणीची मर्यादा वजनाने १०० एसडीआर भरते, नगाने मात्र ६६६.६७, ओतलेल्या गव्हाला नगच नसल्याने त्याला केवळ वजनाचा आधार उरतो.

धोकेही निराळे आहेत. ओतलेले धान्य लाटांबरोबर एका बाजूला सरकते आणि ओलावा जास्त असलेले बारीक लोहखनिज हादऱ्यांनी चिखलासारखे वाहू लागून जहाज कलंडवू शकते. रचलेल्या नगांची काळजी मुख्यतः पक्क्या बांधणीने घेतली जाते.

द्रवांनाही हेच लागू : टाकीतले तेल बल्क, पिंपांतले ब्रेक-बल्क. एक टनाच्या मोठ्या पिशवीत सुटी भुकटी असली, तरी ती पिशवी एकेक करून उचलली जाते, म्हणून ती ब्रेक-बल्क.