एरोसोल अग्निशामक वाहनात कितपत भरवशाचे?

वाहनांसाठीच्या अग्निशामकांमध्ये अलीकडे टॉर्चएवढी एक नळी दिसू लागली आहे, तोच एरोसोल अग्निशामक. तिच्यात दाबाखालचा वायू नसतो. असते ती पोटॅशियम नायट्रेटसारखा ऑक्सिडीकारक (ज्वलनाला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) आणि त्याला धरून ठेवणारा सेंद्रिय बंधक यांची घट्ट वडी. टोक घासून ती पेटवली की पोटॅशियमच्या क्षारांचे, साधारण एक-दोन मायक्रॉनचे कण धुरासारखे बाहेर पडतात. ज्वाला टिकून राहते ती हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल या अल्पायुषी मूलकांच्या, म्हणजे अतिशय क्रियाशील कणांच्या, साखळी अभिक्रियेमुळे. पोटॅशियम ही मूलके टिपते आणि साखळी तुटते. कण इतके बारीक असल्याने बंदिस्त जागेत घनमीटरमागे सुमारे 100 ग्रॅम पदार्थही पुरेसा ठरू शकतो.

अडचण ‘बंदिस्त’ या अटीत आहे. इंजिनाच्या कप्प्यात तरंगत राहणारे हे कण उघड्यावर वाऱ्याबरोबर पांगतात, आणि बॉनेट सताड उघडले तर धूर निसटतो, शिवाय आगीला ताजी हवा मिळते. त्याहून मोठी उणीव म्हणजे हा धूर ज्वाला विझवतो, पण तापलेले धातू थंड करत नाही. एक्झॉस्टचा पाइप लालबुंद असेल आणि इंधन गळतच असेल, तर धूर विरताच पुन्हा भडका उडू शकतो. आसनाच्या फोममधल्या खोल निखाऱ्यांवरही त्याची मात्रा फारशी चालत नाही. लिथियम-आयन बॅटरीचे घट तर स्वतःच्याच उष्णतेने एकामागून एक विघटित होत जातात. तिथे भरपूर पाणीच लागते.

वापरणाऱ्यालाही जपावे लागते. नळीच्या तोंडाशी झोत अतिशय तप्त असतो, आणि एकदा पेटवलेली वडी मध्येच थांबवता येत नाही. प्रवाशांच्या कक्षात तो सोडला तर समोरचे दिसेनासे होते, घसा आणि डोळे चुरचुरतात; त्यामुळे आत माणूस असताना तो वापरू नये. मागे उरणारा क्षारधर्मी थर हवेतला ओलावा शोषून विद्युत जोडण्या गंजवू शकतो, म्हणून तो लवकर पुसून काढावा लागतो. ‘अवशेष राहत नाही’ ही जाहिरात म्हणूनच जरा सैल वाटते, जरी नेहमीची कोरडी भुकटी याहून कितीतरी जास्त पसारा करते हेही खरे.

एरोसोल या नावाने फवाऱ्याचे दाबयुक्त डबेही विकले जातात, पण त्यांचा धोका वेगळा. अशा डब्यांवर सहसा 50 अंश सेल्सिअसच्या वर तापू न देण्याची सूचना असते, आणि उन्हात उभ्या बंद मोटारीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. शिवाय बहुतेकांना दाबमापक नसतो, त्यामुळे आतला वायू झिरपून गेला आहे का, हे बाहेरून कळत नाही.