काडतुसाची पुस्तकं: तक्त्यांची वेगळी, समजून घ्यायची वेगळी

माझी भाची संभाजीनगरला न्यायसहायक विज्ञान शिकते. दिवाळीला परभणीला आली तेव्हा पिशवीत एक जाडजूड पुस्तक. "मामा, रीलोडिंगवरचं एकदम सखोल पुस्तक म्हणून आणलं, अन् यात तर नुसते आकडेच हायत. कामून?"

आकडेच असणार. तिला हवं होतं एक, हाती पडलं दुसरं. दोन्हींच्या पाठीवर 'रीलोडिंग' लिहिलेलं, त्यामुळे गफलत होतेच.

रीलोडिंग म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत नवी टोपी (दारू पेटवणारी), दारू आणि गोळी बसवून ती पुन्हा वापरात आणणं. (आपल्याकडे हे परवान्याशिवाय करता येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात काडतूस बनवायची यंत्रंसुद्धा 'दारूगोळा' या व्याख्येतच धरली आहेत. पुस्तक वाचायला मात्र कुणाची हरकत नाही.)

भाचीनं आणलं होतं ते मॅन्युअल. हॉर्नडी, सिएरा यांसारखे गोळ्या बनवणारे कारखाने अशी पुस्तकं काढतात. पानावर एक काडतूस, गोळीचं वजन, दारूचं नाव, सुरुवातीचं माप, कमाल माप, आणि चाचणी किती लांब नळीतून घेतली ते. हे पुस्तक पंचांगासारखं. गेल्या सालच्या पंचांगावर यंदाचा मुहूर्त काढत नाहीत, तसा जुन्या आवृत्तीतला आकडा आजच्या डब्याला लावायचा नाही. दारू बदलते, गोळीचा आकार बदलतो, टोपी बदलते.

समजून घ्यायचं पुस्तक म्हटलं की मला आधी ज्युलियन हॅचर आठवतो. अमेरिकी लष्करातला अधिकारी. त्याचं 'हॅचर्स नोटबुक' 1947 साली आलं. त्यात 1903 च्या स्प्रिंगफील्ड रायफली का फुटत होत्या याचा मागोवा आहे, आणि तो वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही. भट्टीवरचे कारागीर पोलाद किती तापलं हे रंगावरून, नुसत्या डोळ्यांनी ठरवायचे. लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेलं लोखंडही फिकं दिसतं, म्हणून ते आणखी तापवायचे, आणि पोलाद ठिसूळ व्हायचं. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या 8 लाखांच्या आतल्या क्रमांकांच्या रायफलींवर म्हणूनच आजही संशय घेतात. आपल्याकडे मेच्या दुपारी अंगणात भाता चालवणाऱ्या लोहाराला यात नवल वाटणार नाही. पुस्तकाला पाऊणशे वर्षं होऊन गेली, तरी हे प्रकरण शिळं झालेलं नाही.

लायमनचं हँडबुक दोन्हींच्या मध्ये बसतं: पुढची प्रकरणं समजावणारी, मागे तक्ते. फ्रँक बार्न्सचं 1965 चं 'कार्ट्रिजेस ऑफ द वर्ल्ड' तिसऱ्याच जातीचं, काडतुसांचा कोशच म्हणा. ओळख पटवायला उत्तम.

खरा घोळ दाब वाचताना होतो. थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची कमाल मर्यादा एका ठिकाणी 50,000 दिसेल, दुसऱ्या ठिकाणी 60,000. भाचीला वाटलं, नव्या काळात भरणी कडक झाली. तसं नाही. जुन्या पद्धतीत तांब्याचा छोटा दंडगोल किती चेपला यावरून दाब ठरवायचे. आता दाब स्फटिकाच्या विद्युत संवेदकानं मोजतात. मर्यादा तीच, मोजायची रीत निराळी. तक्त्यात एकक कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं असतं. दोन रीतींचे आकडे का जुळत नाहीत, हे कळायला दुसऱ्या जातीचंच पुस्तक लागतं. परभणीच्या उन्हाचंही तसंच: दारू तापली की दाब चढतो. तक्ता मात्र साधारण 21 अंशांवरच्या चाचणीचा असतो, आणि इथं मेमध्ये पारा त्याच्या दुप्पट.

दुसरी ठेच ग्रेनची, म्हणजे गोळी आणि दारू तोलायच्या बारीक वजनाची. 'जीआर' असं आखूड छापलेलं पाहून तिनं पहिल्या पानावर पेन्सिलीनं 'ग्रॅम' लिहून ठेवलं होतं. एका ग्रॅममध्ये साडेपंधरा ग्रेन बसतात, तेव्हा ही चूक पेपरात गुण घालवते आणि कारखान्यात हात. मी तिला आजीच्या मापानं सांगितलं: जुना तोळा म्हणजे बरोबर 180 ग्रेन, आणि थर्टी-ऑट-सिक्सची एक नेहमीची गोळीही 180 ग्रेनचीच.

स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, "तोळ्याची गोळी? माय, मंग झाडल्यावर हुडकून आणत असतील की!"