चंची, पुडी, मावा

सांगली-साताऱ्याकडची पोरं माव्याच्या, म्हणजे टपरीवर घासून मिळणाऱ्या सुपारी-तंबाखूच्या, नादाला कशी लागतात, असं विचारलं की बोट कॉलेजसमोरच्या टपरीकडे जातं. टपरी त्या गोष्टीत बरीच उशिरा येते.

पोर्तुगिजांनी आणलेली तंबाखू दख्खनेत लवकर रुजली. अकबराचा दूत असद बेग १६०४-०५ च्या सुमारास ती विजापूरहून आग्र्याला घेऊन गेला. मिरज तेव्हा विजापूरकरांच्याच अमलात होतं.

पुढे घरोघरी तिची दोन ठाणी झाली : म्हाताऱ्याची चंची आणि बायकांची मिसरीची डबी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, सकाळी दातांना लावायची. पोराचा दात ठणकला की आजी त्याच्याही हिरडीवर बोट फिरवते. याला घरात औषध म्हणतात. निकोटिन मात्र हिरडीतून रक्तात उतरतंच. २०१९ च्या देशव्यापी शालेय पाहणीत १३ ते १५ वयाच्या मुलांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरणारी निघाली, आणि बिनधुराची तंबाखू घेणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी ती दहाव्या वाढदिवसाआधीच चाखली होती. त्या वयात कोण मित्रांच्या नादानं बिघडतं?

तरी चंचीला एक लगाम होता. थोरल्यांपुढे बार भरायची पोराची छाती नव्हती. १९८० च्या दशकात गुटख्याची पुडी आली आणि तो लगाम सुटला. गोळ्या-बिस्किटांशेजारी माळेसारखी लटकणारी, गोडसर, सुगंधी, खिशात दडणारी. मळायला नको, चुन्याची डबी नको. वास आला तर बडीशेप खाल्ली म्हणायचं.

राज्य सरकारनं ऑगस्ट २००२ मध्ये गुटखा बंद केला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती बंदी टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये ती अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा आली. पण मावा कारखान्यात होतच नाही. सुपारीची कात्रणं, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घेऊन टपरीवर गिऱ्हाइकासमोर घासला जातो. त्याला ना छाप, ना कर्करोगाचं चित्र. यातला चुना नुसता चवीपुरता नसतो. त्याच्यामुळे निकोटिन मोकळं होतं आणि गालातून झपाट्यानं शोषलं जातं. मेंदूचा आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे पंधराव्या वर्षी लागलेली तलफ चाळिशीतल्या सवयीपेक्षा खोल रुतते.

अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकायला आणि शाळेपासून शंभर यार्डांत तिचं दुकान लावायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. कलमात शब्द ‘देणारा’ असा आहे, नुसता विकणारा नव्हे. आणि आजोबांची पुडी संपली की दुकानात अजूनही नातवालाच धाडतात, उरलेल्या सुट्ट्या पैशांचं चॉकलेट घे म्हणून.