छपाई वाकडी की धागा वाकडा? गोधडी आणि क्विल्टसाठी कापड नेणाऱ्यांना

आमच्याकडे सुती कापड कात्रीने कापून नाही, फाडून देतात. म्हणून अधूनमधून कुणीतरी घरी जाऊन परत येतं आणि म्हणतं, "तुम्ही वाकडं फाडलंत." खरं तर फाडताना हात चुकला तरी कापड आडव्या धाग्याच्या ओळीनेच फाटतं. फाडलेल्या कडेला फुलांची रांग एका टोकाला अख्खी आणि दुसऱ्या टोकाला अर्धीच दिसत असेल, तर छपाई धाग्याला धरून झालेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

असं होतं कशामुळे? गिरणीत कापड बऱ्याच रोलरवरून ओढलं जातं. एक काठ जरा पुढे गेला की आडवे धागे तिरपे होतात. दोन्ही काठ पुढे जाऊन मधला भाग मागे राहिला, तर ते धनुष्यासारखे वाकतात. छपाई मात्र काठाला काटकोनातच होत जाते. ठशाच्या कापडाची गोष्ट वेगळी. राजस्थानातल्या बगरूचा कारागीर मेजावर ताणलेल्या कापडावर हाताने एकेक ठसा उमटवतो, तिथे केसभर फरक पुढे पुढे साचतो. तो आम्ही दोष मानत नाही. गिरणीच्या कापडातला मानतो.

ओढून सरळ होईल का, हे सगळेच विचारतात. रंगीत सुताने विणलेल्या चौकड्या असतील तर होईल, कारण तिथे चौकडी म्हणजेच धागा. कापड धुवा, ओलसर असताना समोरासमोरच्या ज्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर कमी भरतं ते धरून तिरपं ओढा, मग इस्त्री करा. छापील चौकड्यांवर ही मेहनत वाया जाते. धागा सरळ केलात की छपाई तिरपी होणार; दोन्ही एकदम सरळ होत नाहीत. तेव्हा कुणाच्या बाजूने कापायचं ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

लहान तुकड्यांना आम्ही छपाईच्या बाजूने कौल देतो. ४४ इंच पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, १ इंचाचा फरक डोळ्यात भरतो, पण साडेपाच इंचांच्या चौकोनात तो सूतभरच उरतो. आणि डोळ्याला छपाई दिसते, धागा दिसत नाही. फक्त अशा तुकड्याच्या कडा किंचित उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या, होतात आणि ओढल्या की लांबतात. म्हणून कापण्याआधी कापडाला खळ द्या, इस्त्री घासू नका, दाबून उचला, आणि कापलेले चौकोन आठवडाभर हाताळत बसू नका. जुन्या लुगड्यांच्या गोधडीत हा प्रश्न फारसा येत नाही. कापड वर्षानुवर्षं धुतलेलं असतं, आणि जवळजवळ घातलेला धावदोरा कडांना हलू देत नाही. मशीनवर तुकडे जोडताना तो आधार नसतो.

भोवतालची पट्टी आणि अस्तर यांचा हिशेब उलटा. तिथे धागाच धरा. छपाई धरून कापलेली लांब पट्टी ताणली जाते आणि क्विल्टची कड लाटेसारखी फुगते. पण धागा धरूनही आडवी पट्टी फसवते: २ इंच रुंदीची पट्टी ४४ इंच पन्हाभर कापली, तर वरच्याच फरकाने छापील रेघ टोकापर्यंत अर्ध्या रुंदीइतकी सरकते. त्यावर उपाय म्हणजे पट्टी काठाला समांतर, उभी कापायची. तिरपेपणा बहुधा आडव्या धाग्यांत असतो, उभे धागे काठाला धरून असतात आणि कमी ताणले जातात. कापड जास्त लागतं, हे खरं. पट्टीसाठी छापील रेघा किंवा चौकड्या घेऊच नका, विखुरलेली बारीक बुट्टी घ्या, असं आम्ही सांगतो. विक्री बुडाली तरी.

छापील रेघांचं कापड घेणारच असाल, तर पाव मीटर जास्त घ्या आणि फाडण्याआधी ताग्याच्या फाडलेल्या टोकाला मोजपट्टी लावून दाखवायला सांगा. काउंटरवरचं कुणीही दाखवेल.

गिरणीच्या छापील कापडात पन्ह्याला १ इंचाहून जास्त फरक निघाला, तर न धुतलेलं, न कापलेलं कापड आम्ही बदलून देतो. ठशाच्या कापडाला हे लागू नाही. येताना फाडलेली कड तशीच ठेवा. ती कात्रीने सरळ करून आणलीत, तर आम्हाला मोजायला काही राहत नाही.