म्हातारचळ

म्हातारचळ : उतारवयात माणसाच्या बोलण्या-वागण्यात दिसणाऱ्या बदलांसाठी मराठी बोलीत वापरला जाणारा शब्द. ‘चळ’ म्हणजे वेड, खूळ, नाद. शब्दाला दोन छटा आहेत. सत्तरीचा गृहस्थ अचानक केस रंगवू लागला, परक्या बाईमाणसाशी सलगीने बोलू लागला, की लोक तोंड फिरवून हसतात आणि म्हणतात, ‘म्हातारचळ लागलाय’. दुसरी छटा केविलवाणी आहे : जेवून हात धुतलेली म्हातारी पुन्हा ताट मागते, दिवस मावळला की ‘मला माझ्या घरी नेऊन सोडा’ म्हणत स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यावर येऊन बसते. दोन्हींना शब्द एकच. मेंदूविज्ञानाने गेल्या सव्वाशे वर्षांत या शब्दाची फोड केली. त्याखाली निदान पाच-सहा वेगवेगळे विकार दडलेले आहेत आणि त्यांतले काही चक्क बरे होणारे आहेत. मराठवाड्यात, आणि खरे तर पुण्या-मुंबईतही, ही फोड अजून घरापर्यंत पोचलेली नाही.

बोलीतील शब्द : मराठवाड्यात ‘अप्पा येड्यावानी करायलेत’, ‘मायला काही उमगंना गेलंय’ असे सांगितले जाते. बदल फारच विचित्र असला, तर ‘बाहेरचं’ झाल्याचा संशय येतो आणि पहिली फेरी देवऋष्याकडे होते. बाकी सगळे ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीत मिटते. ही म्हण ज्या काळात रुळली, त्या काळी साठी गाठणेच मोठी गोष्ट होती. आज साठीतली माणसे शेतीचे व्यवहार आणि ग्रामपंचायतीचे राजकारण दोन्ही सांभाळतात, तरी म्हण तशीच चालू आहे. तिचा तोटा असा, की ती ऐकल्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

एक भेद मात्र बोलीने फार नेमका जपला आहे. तापात किंवा आजारपणात माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, तर त्याला ‘चळ लागला’ म्हणत नाहीत. ‘वात झाला’, ‘वातात बरळतोय’ म्हणतात. वैद्यकही हाच भेद सर्वांत आधी तपासते. वात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतला डिलिरियम, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उद्भवतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि त्यात लक्ष एका जागी ठरत नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, अंगातले पाणी किंवा सोडियम घटणे, एखादी नवी गोळी अशी त्याची कारणे असतात. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात ‘पाणी पिलं की सारखं उठावं लागतं’ म्हणून तांब्या बाजूला सारणाऱ्या म्हाताऱ्यांना हा धोका जास्त. कारण सापडून उपचार झाले, तर वात बहुधा उतरतो. चळ मात्र महिन्या-वर्षांनी चढत जातो.

वय आणि मेंदू : प्रौढ मेंदूचे वजन साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम असते आणि चाळिशीनंतर ते हळूहळू घटते. पूर्वी समजत, की म्हातारपणी चेतापेशी थव्याने मरतात. ते तितकेसे खरे नाही. निरोगी वार्धक्यात पेशी फारशा मरत नाहीत. त्यांच्यातले जोड विरळ होतात आणि संदेशवाहक तंतूंवरचे आवरण झिजते. नाव ओठांवर येऊन अडते, हिशेबाला वेळ लागतो. गोठ्याची किल्ली कुठे ठेवली हे विसरणे वयाला धरून आहे. किल्लीचे करायचे काय हेच न कळणे हा आजार.

अल्झायमर : स्मृतिभ्रंशाचे, म्हणजे डिमेन्शियाचे, सर्वांत मोठे कारण. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आउगुस्ट डेटर या बाईला तपासले. १९०६ मध्ये ती वारल्यावर तिच्या मेंदूत त्यांना पेशींबाहेर साचलेले चट्टे आणि पेशींच्या आत पीळ पडलेल्या तंतूंची गुंतवळ दिसली. चट्टे अमायलॉइड प्रथिनाचे आणि गुंतवळ टाऊ प्रथिनाची, हे पुढे १९८०च्या दशकात कळले. १९१० मध्ये जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आजाराला अल्झायमरांचे नाव दिले.

गंमत अशी, की आउगुस्ट बाई रुग्णालयात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. त्यामुळे पुढची कित्येक दशके ‘अल्झायमर’ म्हणजे मध्यमवयातला दुर्मीळ आजार आणि म्हाताऱ्यांचा विसर म्हणजे वयाचा धर्म, अशीच वाटणी पाश्चात्त्य वैद्यकातही होती. म्हातारचळ त्यांच्याकडेही होताच, नाव तेवढे लॅटिन. १९७६ मध्ये अमेरिकन मेंदूतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी दोन्ही आजार एकच असल्याचे ठामपणे मांडले आणि दुर्मीळ समजला जाणारा आजार एकाएकी जगातल्या मोठ्या आजारांत मोजला जाऊ लागला.

आजाराची सुरुवात बहुधा मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात आणि त्याच्या शेजारच्या भागात होते. नवी आठवण पक्की करण्याचे काम या भागाचे. हे समजले ते ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन रुग्णामुळे. फेफऱ्यावर उपाय म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूतला हा भाग दोन्ही बाजूंनी काढला. त्यानंतर तो २००८ पर्यंत जगला, पण नवी आठवण जवळजवळ धरू शकला नाही. लहानपण मात्र त्याला आठवे, आणि आरशात बघून आकृती गिरवण्यासारखे हातचे कसब सरावाने साधे. सराव केल्याचे तेवढे आठवत नसे. सकाळी कोण भेटून गेले हे न सांगता येणारी आजी जात्याचा खुंटा हाती आला, की ओवीमागून ओवी अचूक म्हणते, त्याचा उलगडाही याच अंगाने होतो : लहानपणापासून घोटलेले आणि सुरात बसलेले मेंदूत दुसरीकडे रुजलेले असते, तिथे आजार उशिरा पोचतो. घरच्यांना मात्र हे ढोंग वाटते. ‘गाणी बरी आठवतात, जेवलेलं नाही आठवत’ हा टोमणा अशा घरांत हमखास ऐकू येतो.

वागण्यातला चळ : म्हातारचळ या शब्दाची पहिली, हसण्यावारी नेली जाणारी छटा निराळ्या आजाराशी जुळते. मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजला, की फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया होतो. या गटातल्या आजाराचे पहिले वर्णन १८९२ मध्ये प्रागमध्ये डॉक्टर आर्नोल्ड पिक यांनी केले. सुरुवातीला स्मरण बऱ्यापैकी शाबूत असते. जाते ती भीडभाड. चारचौघांत नको ते बोलणे, गोडाची हाव, ओळख नसलेल्याला पैसे देऊन टाकणे, घरच्याच्या दुःखाचे काही न वाटणे. आजार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो, म्हणजे माणूस म्हातारा व्हायच्या आधीच. उतारवयात नटणारा प्रत्येक जण आजारी असतो असे अर्थातच नाही. हौसेला वय नसते. पण ज्याने जन्मभर बायाबापड्यांकडे मान वर करून पाहिले नाही, त्याचे वागणे वर्षभरात पालटले, तर तो चारित्र्याचा प्रश्न समजण्याआधी मेंदूचा समजावा. अशी माणसे मार खातात, घराबाहेर काढली जातात. तपासणी शेवटी होते, कधी होतही नाही.

रक्तवाहिन्या आणि कमतरता : उच्च रक्तदाब आणि मधुमेहाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बुजत जातात. प्रत्येक लहान झटक्यागणिक माणूस एक पायरी खाली उतरतो आणि तिथे काही दिवस थांबतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून रक्तदाबाची गोळी सोडण्याची सवय यात भर घालते. थायरॉइडची कमतरता, नैराश्य आणि ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांनीही विसर पडतो. ब-१२चा प्रश्न महाराष्ट्रात साधा नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातल्या सुमारे दोन-तृतीयांश मध्यमवयीन पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. माळकरी घरांत, जिथे अंडेही चालत नाही आणि दूध डेअरीला जाते, तिथे हे आधी तपासावे.

डोक्याला मार : हेल्मेटशिवायची दुचाकी, उसाच्या ट्रॅक्टरवरून पडणे, न्हाणीत घसरणे. जोराच्या धक्क्याने मेंदूतले लांब तंतू ताणले आणि तुटले जातात. नंतरच्या तासांत सूज आणि प्राणवायूचा तुटवडा यांनी नुकसान वाढते. बेशुद्धी किती खोल हे मोजण्याची ग्लासगो मोजपट्टी १९७४ मध्ये आली, ती आजही प्रत्येक अपघात विभागात वापरली जाते. तरुणपणीचा मोठा मार पुढे स्मृतिभ्रंशाची शक्यता वाढवतो.

या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो किरकोळ मार. वयाने मेंदू आकसला, की कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या शिरा ताणलेल्या राहतात. चौकटीला डोके आपटले, रक्त आले नाही, टेंगूळ दोन दिवसांत बसले. आत मात्र एखादी शीर झिरपू लागते. तीन-चार आठवड्यांनी आजोबा दिवसा झोपू लागतात, चालताना एका अंगाला झुकतात, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतात. तोवर चौकट सगळेच विसरलेले असतात. सीटी स्कॅनवर कवटीच्या आतल्या अंगाला चंद्रकोरीसारखा थर दिसतो. कवटीला छिद्र पाडून साचलेले रक्त काढले, की कित्येक रुग्ण पुन्हा पूर्वीसारखे बोलू लागतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ही शक्यता वाढते. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. सीटीपर्यंत पोचणे अवघड असते ते बरेचदा अंतरामुळे नाही, ‘आता वय झालं’ या वाक्यामुळे.

मोजावे कशाने : स्मृतिभ्रंशाच्या नेहमीच्या चाचण्या शाळेत गेलेल्या माणसासाठी बनवलेल्या आहेत. आज तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहा. जिने आयुष्यात तारखेशी संबंधच ठेवला नाही, तिला तारीख न सांगता येणे हा विसर नव्हे. हरियाणातील बल्लभगढ इथे संशोधकांनी १९९०च्या दशकात निरक्षरांसाठी हिंदी चाचणी तयार केली. तीत वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काही सांगायचे, आणि ‘डोळे मिटा’ हे वाचण्याऐवजी समोरचा डोळे मिटतो तसे मिटायचे.

मराठवाड्यात तर वयापासूनच सुरुवात करावी लागते. ‘माय, वय किती?’ याला उत्तर मिळते, ‘रझाकाराच्या वक्ताला मी काखंत होते’. म्हणजे १९४८च्या आसपासचा जन्म. लग्न ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आधल्या साली’, धाकटा नातू ‘भूकंपाच्या साली’, म्हणजे १९९३. अशा बाईला महिना विचारायचा तर पेरणी झाली का, पंढरीची दिंडी गेली का असे विचारावे, आणि वार विचारायचा तर बाजारावरून. तिने दुष्काळ आणि भूकंप यांचा क्रम उलटा सांगितला, तर मात्र दखल घ्यावी.

देशपातळीवरच्या एका मोठ्या पाहणीचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख, लोकांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत, खेड्यांत आणि न शिकलेल्यांत प्रमाण जास्त. शिक्षणाचा अभाव खरोखर आजार वाढवतो की फक्त चाचणीतले गुण घटवतो, हा वाद संपलेला नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालाने टाळता येण्याजोग्या १४ कारणांत बालपणीचे तोकडे शिक्षण धरले आहे. बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, डोक्याचा मार, एकटेपणा ही त्यांतलीच. चौदाही मिळून सुमारे ४५ टक्के प्रकरणांना कारणीभूत.

उलट बाजूचा एक पुरावा मराठवाड्याच्या अगदी शेजारून आला. हैदराबादमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशग्रस्तांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली होती, आणि हा फरक निरक्षरांतही टिकला. म्हणजे श्रेय शाळेला देता येत नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता. इथला बाजार आजही मराठी आणि दखनीत चालतो. तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-निलंग्याकडे कानडी. या सरमिसळीने मेंदूला काही शिल्लक मिळते का, हे इथे तपासण्याजोगे आहे. इतरत्र झालेल्या काही अभ्यासांत हा फायदा आढळला नाही, हेही लक्षात ठेवावे. खेड्यातल्या वार्धक्याचा दीर्घ अभ्यास बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात चालवला आहे.

उपचार : डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, मेमँटिन या गोळ्यांनी काही काळ उतार मिळतो, आजार थांबत नाही. अमेरिकेत लेकॅनेमॅब (२०२३) आणि डोनॅनेमॅब (२०२४) या अमायलॉइड काढून टाकणाऱ्या औषधांना मान्यता मिळाली. लेकॅनेमॅबने सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची घसरण दीड वर्षात सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. त्यासाठी दर पंधरवड्याला शिरेतून औषध आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होत नाही ना हे पाहायला वरचेवर एमआरआय लागतो. गेवराईच्या पलीकडच्या वाडीवरून हे कसे जमायचे, हे सांगायला नको.

घर आणि सांभाळ : सांभाळ जवळजवळ सगळा घरातल्या बाईवर पडतो. दाराला कडी, अंगावर पत्त्याची चिठ्ठी, तेच उत्तर दहा वेळा. बीडसारख्या जिल्ह्यात आणखी एक पेच आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या थेट पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचे गाळप संपल्यावर, उन्हाळ्यात परततात. मधले पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. रोज बघणाऱ्या नातवंडांना आजीतला फरक दिसत नाही; तो थोडाथोडा होत गेलेला असतो. परतलेल्या सुनेला मात्र पहिल्याच संध्याकाळी कळतो, चहा करायला साखरेचा डबा उघडते तेव्हा. डब्यात मीठ असते, आणि फडताळात एकावर एक चार पुडे साखर, न फोडलेली. ‘जाताना तर चांगल्या होत्या की,’ ती म्हणते. दवाखान्यात डॉक्टरला सगळ्यांत उपयोगी पडते ते हेच वाक्य, पण ते सांगायला तीच सोबत आलेली असावी लागते.