पिशवी दुर्बिणीतूनच काढावी का?

"काढायचीच तर दुर्बिणीतून काढ गं, खालून काढणं आता जुनं झालं." गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलेल्या बाईला हे कुणी ना कुणी ऐकवतंच. सल्ला मायेचा, पण चुकीचा.

आजार साधा असेल आणि जमण्यासारखं असेल, तर योनीमार्गे, म्हणजे खालूनच पिशवी काढणं हा पहिला पर्याय मानतात. पोटावर एकही टाका नाही, खर्चही बहुधा कमी. अंग, म्हणजे पिशवी, खाली उतरून बाहेर येत असेल तर ही वाट सरळच.

जमेल का, ते तपासणीच्या टेबलावर कळतं: पिशवी केवढी आहे, हलते का, खाली उतरते का. नॉर्मल बाळंतपणं झाली असतील तर जागा मिळते. आत चिकटाचिकटी किंवा एंडोमेट्रिऑसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) असेल, तर दुर्बीण बरी. आतलं नीट दिसतं. फायब्रॉइडने, म्हणजे पिशवीतल्या गाठीने, पिशवी बेंबीपर्यंत गेली असेल तर अनेकदा पोट उघडावं लागतं. शिवाय सर्जनचा हात कशावर बसलाय, हेही विचारावं. (मुळात काढायचीच का, हा आधीचा प्रश्न. बीडच्या अनेक ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याने २०१९ मध्ये तो विधिमंडळात पोचला.)

मार्गावरून एवढी चर्चा होते, पण अंडाशयांचं काय, हे कुणी विचारत नाही. "पिशवीबरोबर तीही गेलेली बरी" म्हणतात. चाळिशीत दोन्ही काढली, की रजोनिवृत्ती एकदम येते: रात्री अंगातून वाफा, पुढे ठिसूळ हाडं. संमतीपत्रात अंडाशय काढण्याची ओळ वेगळी असू शकते. सहीआधी ती शोधा.